रीडर कशाने जड झाला

"मॅडम, तुमचा रीडर उघडस्तोवर माझा चहा पिऊन होतो," कर्नाटकच्या सीमेजवळच्या मुरुम गावातल्या वाचनालयाचे ग्रंथपाल म्हणाले. "सोमवारी समिती बसतीय. तवर सुधारला न्हाय तर सगळीकडून काढणार."

समोर सहा जुने कॉम्प्युटर होते. पाचांसमोर परीक्षेची तयारी करणारी मुलं-मुली वाट बघत बसली होती.

रीडर म्हणजे पीडीएफ उघडून वाचायचं सॉफ्टवेअर. धाराशिवच्या आमच्या छोट्या कंपनीत तो मीच सांभाळते. सुरुवातीला तो चार एमबीचा होता, मोबाइलमधल्या एखाद्या फोटोएवढा. जुन्या मशीनवर चालतो म्हणूनच वाचनालयाने तो घेतला होता. आता तो तीनशे एमबीचा झाला होता.

हे एका दिवसात झालं नव्हतं. कुणाला फॉर्म भरायचा होता, कुणाला डिजिटल सही तपासायची होती. "एवढं एकच टाका," असा फोन यायचा आणि मला नाही म्हणता यायचं नाही. फाइलमधून व्हायरस येऊ नये म्हणून केलेल्या दुरुस्त्यांचीही भर पडायची. घातलेलं कधीच निघायचं नाही.

मी यादी काढली. सगळ्यात मोठा भाग होता मजकूर वाचून दाखवणारा मराठी आणि कानडी आवाज. बॉसना फोन केला.

"कितीजण वापरतात?"

"इथे एक."

"मग काढून टाक."

तो एकजण सहाव्या कॉम्प्युटरवर हेडफोन लावून बसला होता. शिवलिंगअप्पा, मुरुमचे जुने व्यापारी. दोन वर्षांपासून त्यांना दिसत नाही. ऐकताना त्यांचे ओठ हलत होते.

"सर, आवाज नाही काढणार," मी म्हणाले. बॉसना मी पहिल्यांदाच नाही म्हटलं. ते म्हणाले, "मग सोमवारच्या आत मार्ग काढ."

आवाज वेगळा करून मी तो फक्त अप्पांच्या मशीनवर ठेवला. रीडर हलका झाला, तरी उघडायला वेळ घेतच होता. मग ज्यांनी ज्यांनी काही मागितलं होतं त्यांना फोन केले. सगळ्यांचं एकच उत्तर, "बाकीचं काय बी काढा, आमचं तेवढं राहू द्या."

एका गोष्टीचं नाव मात्र कुणीच घेतलं नाही. पान उलटताना पडद्यावर कागद वळायचा आणि सळसळ ऐकू यायची. त्यासाठी रीडर उघडतानाच सगळ्या पानांची चित्रं तयार करायचा. उशीर तिथे होत होता. ते कुणी मागितलं नव्हतं. छान दिसतं म्हणून मीच घातलं होतं.

ते काढलं. ग्रंथपालांनी क्लिक केलं आणि फाइल लगेच उघडली.

"अगं बाबौ! चहा अजून आलाच न्हाय की," ते म्हणाले. "समितीचं आता माझ्याकडं लागलं."

मी बॅग भरत होते, तेवढ्यात अप्पांनी हेडफोन काढला. "पोरी, पान उलटल्याचा आवाज कुठं गेला गं? त्याच्यावरनंच मला किती पानं झाली ते कळतंय."

मी सगळ्यांना फोन केले होते. चार हातांवर बसलेल्या माणसाला विचारलं नव्हतं.

बॅग खाली ठेवली आणि सळसळ परत घातली. फक्त आवाज, चित्रं नाहीत. रीडर थोडासा वाढला. तो असाच वाढतो.