पन्नास पोस्टरं आणि आईची अनामिका

माझ्या हातून आजवर एकाही पोस्टरचं वाटोळं झालेलं नाही. ते मी घरच्यांकडून करवून घेतो.

माझी भाची सई गाते. तिच्या स्वतःच्या गाण्यांचा पहिला कार्यक्रम नाशकात ठरला, आणि पोस्टर मीच करणार म्हणून मी हटून बसलो. (वीस वर्षं लग्नपत्रिका छापतोय. पत्रिकेवरचे गणपती काढून काढून कलेची भूक भागते थोडीच!) तिच्या वादक मित्रांना पुण्याचा कुणी डिझायनर हवा होता. सई माझ्या बाजूने भांडली, पण अट घालून.

"मामा, काहीही कर, फक्त लग्नपत्रिका वाटता कामा नये. नाहीतर ही पोरं मला जन्मभर ऐकवतील."

"अगं, मी काय वेडा आहे?"

"म्हणून तर आधीच सांगतेय!"

तिचं एक गाणं आहे, नोकरीसाठी पहिल्यांदा घर सोडणाऱ्या मुलीचं. ते मी अकरा दिवस ऐकलं. घरातल्यांनाही ऐकावं लागलं. शेवटी काळ्याभोर कागदावर अर्धवट उघडं दार आणि त्यातून येणारी उजेडाची चंदेरी तिरीप, एवढंच ठेवलं. सातपूरच्या माझ्या छापखान्याच्या गाळ्यात स्क्रीन प्रिंटिंगच्या जाळीवर हाताने, मोजून पन्नास प्रती काढल्या आणि लगेच जाळीवरचं चित्र धुऊन टाकलं. एक्कावन्नावी निघणारच नाही, हीच तर ऐट! कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी सगळ्या इंदिरानगरला घरी आणल्या, हॉलभर पसरल्या आणि एकेकीवर नंबर टाकायला बसलो.

आई येऊन म्हणाली, "पोरीचं पहिलंच कार्य रे. देवापुढे ठेवून हळदीकुंकू लावते हं."

मी बाविसाव्या प्रतीवर श्वास रोखून बसलो होतो. मान वर न करता म्हणालो, "हं, लाव." म्हटलं, एका प्रतीला लावेल. आईचं मन राहील.

नंबर संपवून मी आंघोळीला गेलो. बाहेर येऊन बघतो तर काय! आई आणि शेजारच्या सुमनकाकू गुडघ्यांवर रांगतायत, आणि प्रत्येक पोस्टरच्या चारही कोपऱ्यांवर हळदीकुंकवाची ओली बोटं!

"आई!! सगळ्यांना?"

"मग? एकीला लावायचं आणि बाकीच्या एकोणपन्नास तशाच पाठवायच्या? असं कुठं असतं का!"

"आमच्याकडे पाच बोटं लावतात," काकू म्हणाल्या, "पण म्हटलं, तुमची पद्धत."

ओलं फडकं घेऊन एक कोपरा पुसायला गेलो, तर कुंकवाचा ओघळ थेट चित्रातल्या दाराच्या उंबऱ्यापर्यंत! गाण्याचं पोस्टर आता खुनाच्या तपासाचं वाटायला लागलं. तेवढ्यात बेल वाजली.

सई आत आली. मागून तिचा ड्रमवाला. त्याने हॉलभर नजर फिरवली आणि विचारलं, "लग्न कुणाचं आहे?"

सईचा चेहरा पडला. डोळे भरून आले. "मामा, एकच गोष्ट सांगितली होती रे तुला."

आईच म्हणाली, "त्याला काय बोलतेस? मी लावलंय. तुझ्या त्या गाण्यातली पोर घर सोडून निघते ना? निघताना तिला कुणी कुंकू लावलं की नाही?"

सईने खाली बसून एक पोस्टर जवळ ओढलं. मग हळूच म्हणाली, "नाही गं आजी. मला सुचलंच नाही." आणि आजीच्या गळ्यात पडून मनसोक्त रडली. ड्रमवाला निमूट पोस्टरं गोळा करायला लागला.

संध्याकाळी तिने स्टेजवरून हे सगळं सांगितलं आणि मग ते गाणं म्हटलं. नंतर पोस्टरांसाठी ही रांग लागली! लोकांना पोस्टरवर सही हवी होती. आई एकेका प्रतीवर सावकाश, पूर्ण नाव लिहीत होती, सुमनकाकू कोपरे दाखवत होत्या. मी शेजारी पेन घेऊन, जमेल तेवढा कलावंत दिसत उभा होतो.

एका मुलीने माझ्याकडे बघितलं. मी पेनाचं टोपण काढलं.

"काका," ती म्हणाली, "जरा बाजूला होता का? आर्टिस्टबरोबर फोटो काढायचाय."