बातम्यांच्या बाई माझ्या बहिणीकडे

माझ्या बहिणीला त्या कोण आहेत हे ठाऊकसुद्धा नव्हतं. चार महिने त्या तिच्याकडून भाजी नेत होत्या, पुढे दोन महिने तिच्या घरी येऊन बसत होत्या, आणि या बाई आधी काय करत होत्या, हे एकदा विचारावं असं हिला वाटलं नव्हतं.

बहीण माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. पनवेलजवळच्या सुकापूरला दिलेली. तिच्या सासरच्या भातशेतीवर आता इमारती उभ्या आहेत आणि मुलगे बांधकामाचं सामान पुरवतात. तरी ती रोज सकाळी परसातली भाजी घेऊन समोरच्या सोसायटीच्या फाटकाशी बसते. अळू, शेवग्याचा पाला, घोळ, पावसाळ्यात टाकळा. नऊ वाजले की उरलेलं टोपलीत टाकून घरी. मुलांना ते आवडत नाही. खरं सांगायचं तर मलाही आवडत नसे, कारण माझ्या शाळेतली काही मुलं त्याच सोसायटीत राहतात.

गेल्या वर्षी एका रविवारी मी करंजाड्याहून तिच्याकडे गेले. दारात चपला काढत होते, तेवढ्यात मागच्या पडवीतून आवाज आला, "याचे देठ ठेवायचे की टाकायचे?"

मी एक चप्पल पायात तशीच ठेवून उभी राहिले. हा आवाज ऐकून मला पस्तीसेक वर्षं झाली असतील. पण खात्री करायला चेहरा बघायची गरज नव्हती.

आमचं गाव उरणच्या बाजूला, खाडीकाठी. वडील मिठागरावर कामाला. आठवीसाठी मी पनवेलच्या शाळेत आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सरांनी धडा वाचायला उभं केलं. मी 'बाळ' ऐवजी 'बाल' वाचलं आणि 'पाणी' ऐवजी 'पानी'. आमच्या बोलीत ण आणि ळ नाहीतच. वर्ग हसला. सरही हसले, म्हणजे फार नाही, पण हसले. त्यानंतर दोन महिने मी शाळेत तोंड उघडलं नाही.

गावात एका घरी टीव्ही होता. संध्याकाळच्या मराठी बातम्या द्यायला आठवड्यातून दोन-तीनदा त्या बाई यायच्या. साधी काठाची साडी, मान ताठ. मी बातम्या ऐकायला नव्हे, त्यांच्या तोंडाकडे बघायला जायचे. ळ म्हणताना जीभ कुठे जाते, ण म्हणताना काय होतं. दुसऱ्या दिवशी जुनं वर्तमानपत्र घेऊन मिठागराच्या बांधावर उभी राहायचे आणि त्यांच्यासारखं वाचायचे. कामावरच्या बायका हसायच्या. बहीण हसत नसे. ती चौथीतच शाळा सोडून घराला लागली होती. संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता तीच मला हाकलायची, "जा गो, तुझी बाई आली आसंल." तिने स्वतः त्या बाईंना कधी पाहिलं नाही. बातम्यांच्या वेळेला ती कायम चुलीपुढे असायची.

वर्षभरात माझी भाषा बदलली. दहावीत मी वक्तृत्वात पहिली आले. त्याच वर्षी मी बाईंना पत्र लिहिलं, आणि उत्तर आलं. दोन ओळी. रोज मोठ्याने वाचत जा, शुभेच्छा, आणि खाली सही. पुढे मी मराठी घेऊन बी.ए. केलं, बी.एड. केलं, पनवेलच्याच एका शाळेत लागले. पनवेलमधल्या कार्यक्रमांची निवेदनं माझ्याकडे येऊ लागली. तुमचं मराठी काय सुंदर आहे हो, असं कुणी म्हणालं की मी बाईंचं नाव सांगायची. पुण्याच्या माणसाशी माझं लग्न झालं, आणि मी मूळची मिठागरावरची हे सासरी बऱ्याच जणांना अनेक वर्षं कळलंही नाही. हे सगळं त्या एका बाईंमुळे झालं, असंच मी मानत आले.

आणि आता त्या माझ्या बहिणीच्या पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून घोळीची भाजी निवडत होत्या.

केस पांढरे झाले होते, एका गुडघ्याला पट्टा होता. मी वाकून नमस्कार केला. "बाई, मी आपल्याला लहानपणापासून ऐकत आले आहे. माझ्या बोलण्यावर आपले फार मोठे संस्कार आहेत." हे वाक्य मी किती वर्षं मनात घोळवून ठेवलं होतं, सांगता येणार नाही.

त्या हसल्या. "तुम्ही शिक्षिका का?"

"हो, मराठीच शिकवते."

"वाटलंच. अगदी स्वच्छ बोलता." एवढं म्हणून त्या बहिणीकडे वळल्या. "हं, मग तुझ्या सासूने काय केलं? पुढे सांग."

बहिणीने पुढे सांगितलं. तिच्या सासूने म्हशीला शोधायला सगळा गाव कसा उठवला, आणि म्हैस घरामागेच कशी होती. ही गोष्ट मी दहा वेळा ऐकलेली. बाई मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मध्येच थांबवून विचारायच्या, "काय म्हणालीस? परत म्हण." आणि बहीण परत म्हणायची.

माझ्या एक लक्षात आलं. तिला त्या 'तू' म्हणत होत्या आणि मला 'तुम्ही'.

त्या गेल्यावर मी बहिणीला म्हटलं, "या कोण आहेत माहीत आहे का तुला? या त्या बातम्यांच्या बाई! मी बघायला जायचे त्या."

"आगोबाय! तीच काय ती?" ती खूष झाली. "मना काय म्हाइत! रोज भाजी न्यायची. एक दिवस बोल्ली, ही कशी करतात, दाखव. मी बोल्ली, चल घरा. तवापासून येते." मग म्हणाली, "बरी हाय गो बिचारी. एकटी हाय."

बिचारी! मी घरी आले ती धुमसतच. नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. तो म्हणाला, "अरे वा, मग छानच की." मी त्याच्याशी दोन तास बोलले नाही.

त्यानंतर मी दर रविवारी जाऊ लागले. पूर्वी महिना-दीड महिन्यातून एकदा जायची. जाताना नवी पुस्तकं न्यायची, दिवाळी अंक न्यायची. बाई ते चाळायच्या, छान आहे म्हणायच्या आणि बाजूला ठेवून बहिणीला विचारायच्या, "आज बोंबील आणलेस का गं?" भाजीचे, माशांचे, पावसाचे, वाऱ्याचे शब्द त्या तिच्याकडून एका वहीत उतरवून घ्यायच्या. मला येत होते ते सगळे शब्द. एकदा मी पटकन सांगितलासुद्धा एक. बाई म्हणाल्या, "थांबा, तिला सांगू दे. तिच्या तोंडून ऐकायचाय."

आमच्या शाळेच्या मराठी दिनाला मी त्यांना प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलं. मुख्याध्यापकांना आधीच सांगून बसले होते. बाईंनी गुडघा दाखवला. "आता कार्यक्रम करत नाही मी कुठलेच. रागावू नका." मी रागावले नाही. पण पंधराच दिवसांनी बहिणीच्या पुतणीची हळद होती, तिथे त्याच गुडघ्यानिशी बाई मांडवात सतरंजीवर बसल्या होत्या. बहीण आणि चार म्हाताऱ्या धवले गात होत्या, आमच्याकडे लग्नात बायका गातात ती गाणी, आणि बाई मोबाइल पुढे धरून रेकॉर्ड करत होत्या. मी माईकवरून पाहुण्यांचं स्वागत केलं. त्यांनी मान वर करून पाहिलं नाही.

त्या आठवड्यात मी ते जुनं पत्र घेऊन गेले. प्लास्टिकच्या पाकिटात इतकी वर्षं जपलेलं. बाईंनी चष्मा लावून पाहिलं.

"सही माझीच आहे," त्या म्हणाल्या. "अक्षर माझं नाही हो. आमच्याकडे एक मुलगी होती, ती उत्तरं लिहायची. आम्ही सह्या करायचो. ढीग असायचा." मग त्यांना काहीतरी जाणवलं असावं. माझा हात धरून म्हणाल्या, "पण तुम्ही जपलंत, हे फार आहे."

मी हसले आणि पत्र पर्समध्ये ठेवलं. त्या गेल्या आणि माझा सगळा राग बहिणीवर निघाला.

"तू त्यांना इथे बोलावत जाऊ नकोस," मी म्हणाले. "त्यांना काय म्हशीच्या गोष्टी ऐकवतेस! तुला त्यांची किंमत तरी आहे का? मी आयुष्यभर त्यांना मानलं. तू त्यांना एकदा पाहिलंसुद्धा नव्हतंस."

बहीण भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला.

"मी कवा बघणार? भाकऱ्या कोन करनार व्हता?"

 ती बोलायची थांबली नाही.

"तुझ्या लग्नाची बोलनी झाली तवा तू मना काय सांगितलंस? ताई, पुन्याची मानसा हायत, तू जरा गप बस. आठवतं काय? मी बसले गप. लग्नात पन बसले. तुझ्या घरा येते तवा पन जास्ती बोलत नाय. तुझी बाई मना बोल, बोल बोलते. मंग बोलते मी. त्याचा पन तुला राग?"

आठवत होतं. नीट आठवत होतं. खोलीत आम्ही दोघीच होतो, ती माझी वेणी घालत होती, आणि मी आरशात बघूनच ते सांगितलं होतं. तिने "बरं" म्हटलं होतं आणि वेणी पुरी केली होती. एवढ्या वर्षांत तिने ते कधी काढलं नाही, म्हणून मी समजून चालले होते की ती विसरली.

मला माफी मागता आली नाही. मी म्हणाले, "निघते मी." ती म्हणाली, "डबा ने." आणि मी डबा घेऊन निघाले.

तीन रविवार मी गेले नाही. चौथ्या आठवड्यात बाईंचा फोन आला, त्यांचा मला आलेला पहिला फोन. मन लगेच उडी मारून वर आलं. काम असं होतं की रेकॉर्ड केलेले धवले कागदावर उतरवायचे होते. त्यांना अर्धे शब्द लागत नव्हते, आणि बहिणीला चौथीनंतर लिहायची सवयच राहिली नव्हती. "तुम्ही दोन्हीकडच्या आहात," बाई म्हणाल्या. मी हो म्हटलं. खरं सांगते, बहिणीसाठी नाही. बाईंनी मला बोलावलं म्हणून.

घरी बसून मी मोबाइल कानाला लावून ते ऐकायची. बहीण 'पानी' गायची आणि माझा हात आपोआप 'पाणी' लिहायचा. पाच-सहा पानं झाल्यावर मी ती बाईंना दाखवली. त्यांनी वाचली आणि म्हणाल्या, "हे ती असं म्हणत नाही ना?" मी सगळी पानं फाडून पुन्हा लिहिली. एका ठिकाणी शब्द मलाही लागेना. वीसदा ऐकला. शेवटी पुढच्या रविवारी बहिणीला विचारायचं ठरवलं, आणि मनाशी म्हटलं, आपल्या भाषेत विचारू. तिच्या पडवीत बसून मी तसं बोलूनही पाहिलं.

बहीण हातातली कोयती खाली ठेवून हसायला लागली. "आगो, काय ता बोलतंस! आमची नक्कल करतंस काय?"

बाईही हसल्या. मीही हसले, पण मला रडू येत होतं. नक्कलच वाटत होती ती. ण आणि ळ काढून टाकले तरी माझं बोलणं तिच्यासारखं होत नव्हतं. जी बोली मी बांधावर उभी राहून घालवली, ती तिच्याकडे तशीच होती, आणि बाई तीच ऐकायला गुडघा ओढत यायच्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा बाईंमुळे नव्हे, थेट तिचाच हेवा वाटला.

धवल्यांची वही अजून पुरी झालेली नाही. बाई अजूनही तिला 'तू' म्हणतात आणि मला 'तुम्ही'. त्याची सवय झाली असं म्हणणार नाही.

मागच्या महिन्यात बहिणीचा फोन आला. "रविवारी लवकर ये. आठ वाजता."

"का गं? बाई तर दहाला येतात."

"म्हनूनच."

मी आठला गेले. त्या दिवशी ती फाटकाशी बसलीच नव्हती. तिने चहा केला आणि आम्ही दोघी पडवीत सुका जवळा निवडत बसलो.  मग ती आईबद्दल बोलायला लागली. आई शेवटी आजारी असताना मी जवळ नव्हते, परीक्षेचे पेपर तपासत होते. ते दिवस तिने एकटीने कसे काढले, हे ती पहिल्यांदाच सांगत होती, हळूहळू, मध्ये थांबत. मी शब्द दुरुस्त करत नव्हते आणि उतरवूनही घेत नव्हते. आई शुद्धीवर आली त्या सकाळपर्यंत ती पोचली होती.

"मंग आई बोल्ली..." बहीण म्हणाली.

तेवढ्यात अंगणाच्या फाटकाची कडी वाजली आणि तो आवाज आला, स्पष्ट, सुरेख, प्रत्येक अक्षर वेगळं. "येऊ का आत? आज जरा लवकरच आले."

बहीण लगेच उठली. "या मावशी, या," म्हणत ती खुर्ची आणायला गेली. मी जवळ्याचं ताट मांडीवर धरून बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या आवाजाचा राग आला होता.