काविळीची माळ

निफाडला ताईचे डोळे पिवळे झाले, तेव्हा दाजींनी दवाखाना सोडून आधी माळ आणली. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गाठी मारून बांधलेले. चुंबळीसारखी डोक्यावर ठेवायची. ती लांबत लांबत गळ्यात, पोटावर उतरते आणि पायांतून निघाली की कावीळ गेली, असं आमच्याकडे अजून मानतात. मी नाशकात जळालेल्या मोटारी पुन्हा तार गुंडाळून भरतो, वायंडिंगच्या गाठी मारण्यात जन्म गेला. म्हणालो, "अगं, काड्या वाळतात, गाठी सैल होतात, म्हणून लांबते ती."

"मंग उतरतीय ना?" ताई म्हणाली. पालथ्या घड्यावर पाणी.

माळ छातीपर्यंत आली, तोवर ताईचं अंगही पिवळं झालं. दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं आणि थांबेना. मग मात्र मी कुणाचं ऐकलं नाही, तिला गाडीत घालून नाशिकला आणलं.

पित्ताच्या नळीत खडा अडकलाय, पित्त मागे तुंबून यकृताला इजा होतेय, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. खडा दुर्बिणीनं लगेच काढायला हवा, पण आज काढला तर रक्त थांबायचं नाही. पित्त आतड्यात पोचलं नाही की व्हिटॅमिन के अंगी लागत नाही, आणि त्याच्याशिवाय रक्त गोठत नाही. आधी त्याचं इंजेक्शन. इथवर मला कळलं. पाइप तुंबला की पुढचं शेत कोरडं, त्यात काय कळायचं?

मग त्याच बाई म्हणाल्या की तुंबलेल्या यकृताच्या आत मात्र रक्त बारीक बारीक गोठत असणार.

"म्हणजे रक्त पातळ झालंय की घट्ट?"

"दोन्ही."

"मग आतल्या गुठळ्या विरघळवा."

त्या गोठण्यानं यकृताचं नुकसानही होतं, म्हणाल्या, आणि पित्तानं जळलेली जागा त्यानंच सांधून धरली जाते, असंही दिसतं. ताईच्या बाबतीत कुठलं जास्त, ते सांगता येणार नाही. "त्याला आपण हात लावायचा नाही."

मला रागच आला. असली उत्तरं तर दाजीही देतात. मारणारं आणि तारणारं एकच असेल, तर माणसानं धरायचं काय? रात्रभर हेच डोक्यात, आणि काही म्हणता काही जुळेना.

दुसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट सुधारला. ताईला ट्रॉलीवर घेताना सिस्टर म्हणाल्या, माळ काढा. दाजी गयावया करत म्हणाले, "राहू द्या ना, तिला लय आधार हाय त्याचा." ताईनं माळ घट्ट धरली, मी ओढली आणि दोरा तुटला.

ताई रडली नाही. नुसतं विचारलं, "आता काय व्हईल रे?"

तिला आत नेलं. दाजी फरशीवरच्या काड्या वेचत राहिले. थोड्या वेळानं मी त्यांच्या हातातून दोरा घेतला आणि बाकावर बसून माळ पुन्हा बांधायला लागलो. कशासाठी, ते आजही सांगता येत नाही.

खडा निघाला. यकृत किती सावरतंय ते बघू, असं बाई म्हणाल्या. आत गेलो तेव्हा ताईचा हात गळ्याशी चाचपडत होता. मी माळ तिच्या गळ्यात घातली. तिनं तुटल्या जागी बोट फिरवलं.

"घट्ट तर नाय ना मारली गाठ?"

"सैलच मारलीय," मी म्हणालो. "उतरेल."