काकांनी उडवलेलं मिग

मंडळी, आज दुपारचा प्रसंग डोक्यातून जात नाहीये.

शेजारच्या मेधाचे बाबा नागपूरहून इथे अमेरिकेत, चँडलरला आलेत. एअर फोर्समधून रिटायर झालेले पायलट. मी हौसेने त्यांना माझ्या कॉम्प्युटरवर मिग उडवायला बसवलं. म्हटलं, "काका, या गेममध्ये विमान अगदी खऱ्यासारखं उडतं."

लँडिंगच्या जरा आधी, वेग अगदी कमी असताना, काकांनी मुद्दाम जोरात वळण घेतलं. विमान डगमगलं, खाली गेलं आणि आपोआप सरळ झालं. त्यांनी पुन्हा पुन्हा, एकूण पाच वेळा तेच केलं. पाचही वेळा विमान सावरलं.

"हे चूक आहे," ते हळूच म्हणाले. "इतक्या खालून मिग सावरत नाही. आमचा देशपांडे असाच वळला होता. मी त्याच्या मागच्या विमानात होतो, रेडिओवर ओरडत होतो."

"सॉरी काका," एवढंच मला सुचलं. मी गेम बंद करायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला. "अजून एकदा करू?"

फ्लाइट मॉडेलच्या, म्हणजे गेममधलं विमान कसं उडतं त्या गणिताच्या चुकांवरून मी इथे फोरमवर तुमच्याशी किती भांडलोय! पण खरं सांगू? ही चूक कुणी दुरुस्त करू नये, असं आज वाटलं.