नातीच्या चेहऱ्यावर बदाम

"अगं, नीट वाक ना. पाया पडताना चेहरा दिसला पाहिजे," काकू म्हणाल्या. माझी मुलगी पुन्हा वाकली. पहिल्यांदा व्हिडिओ घेताना मोबाईल हलला होता म्हणे. तिच्या हातात काकूंनी दिलेले त्यांच्या नातीचे जुने बूट. आणि मी, तिची सख्खी आई, बाजूला उभी राहून तिला सांगत होते, हस की जरा.

ते मी विसरलेले नाही. विसरायचंही नाही.

अंबरनाथ पूर्वेला काकूंकडे मी नऊ वर्षं धुणीभांडी केली. मोरिवलीहून चालत जायचे. घराची एक चावी माझ्याकडेच असायची. मी मोबाईल घेतला तेव्हा फेसबुक काकूंनीच उघडून दिलं, प्रोफाइलला लॉकही त्यांनीच लावलं. लोक बायकांचे फोटो चोरतात, सांभाळून राहा, असं बजावलं. किती माया करतात, असं मला वाटलं. मूर्ख मी.

चार दिवसांनी मुलगी शाळेतून आली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. काकूंनी तो व्हिडिओ फेसबुकवर टाकला होता, सगळ्यांना दिसेल असा. वर लिहिलेलं, 'आमच्या बाईच्या लेकीला छोटासा आनंद.' तिथून तो वर्गातल्या पोरांकडे पोचला. त्यांनी तिच्या वाकलेल्या फोटोचा व्हॉट्सअपचा स्टिकर केला. कुणी गृहपाठ पाठवला की थँक्यू म्हणून बाकीचे माझी वाकलेली पोर पाठवायचे.

मी व्हिडिओ चार-पाच वेळा पाहिला, तेव्हा कुठे लक्षात आलं. मागे सोफ्यावर काकूंची नात बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर मोबाईलमधला लाल बदाम चिकटवलेला होता. ती हलली की बदामही हलायचा. माझ्या मुलीचा चेहरा मात्र उघडा.

दुसऱ्या दिवशी गेले, पण भांड्यांना हात लावला नाही. व्हिडिओ काढून टाका म्हटलं.

"सगळे चांगलंच बोलतायत गं. त्यात लपवायचंय काय?"

"मग नातीचं तोंड का झाकलं?"

"ती लहान आहे. तिच्या आईला नाही आवडत."

"माझी तिच्याहून वर्षाने लहान आहे. आणि हिची आई मी आहे. मलापण नाही आवडत."

त्यांनी व्हिडिओ काढून टाकेपर्यंत मी समोरून हलले नाही. इतकं केलं त्याचं हे फळ, असं त्या पुटपुटल्या. मी चावी टेबलावर ठेवली. दारापर्यंत आल्या आणि आवाज बारीक करून म्हणाल्या, "आमच्या घरातलं बाहेर बोलू नकोस हं."

त्यांची सून माहेरी का गेली, मुलाची नोकरी कशी गेली, सगळं माझ्या पोटात आहे. एका घरचं दुसऱ्या घरी न्यायचं नाही, ही आम्हा कामवाल्या बायकांची रीतच.

"नऊ वर्षं नाही बोलले, काकू," मी म्हटलं. "तुम्हाला माझं एवढंसं झाकता आलं नाही."

व्हिडिओ गेला. स्टिकर अजून फिरतोय, तो माझ्या हातात नाही. मुलगी शाळेत जाते, पण कुणी मोबाईल वर केला की तोंड फिरवते. त्यात माझाही दोष आहे, तो मी कुणावर ढकलत नाही.

आता नवीन काम धरताना माणसं किती, भांडी किती, हे नंतर. आधी सांगते, माझा किंवा माझ्या पोरीचा एकही फोटो काढायचा नाही. परवा एका घरी बाई म्हणाल्या, "कामवालीला एवढा कसला तोरा?" मी चपला घातल्या आणि जिना उतरले. दुसरं घर अजून मिळालेलं नाही. मिळेल तेव्हा तिथेही आधी हेच सांगणार.