लेन्स घालून दुपारची झोप

कोपरगावला मला बघायला आलेल्या बायका जेवणानंतर माजघरात सतरंजीवर आडव्या झाल्या. आईने मलाही मुलाच्या आईशेजारी पडायला लावलं. चष्मा कळू नये म्हणून मी लेन्स घातल्या होत्या. त्या घालून डुलकीसुद्धा काढू नका, बुबुळाला जखम होते, असं पुण्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. मी आढ्याकडे बघत राहिले, तरी डोळा लागलाच. जाग आली तेव्हा डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत होतं.

"रडलीस का गं?" मुलाच्या आईने विचारलं. "मुलगा पसंत नाही?"

दारातून आई मानेनेच मला नको म्हणत होती. मी दोन्ही लेन्स तळहातावर काढल्या.

"मला चष्मा आहे, काकू."

"मग घाल की. माझं तोंड तरी दिसतंय का आता?"

दिसत नव्हतं. त्या हसत होत्या की रागावल्या होत्या, तेही कळत नव्हतं.