संत्र्यांच्या डब्यातले चिटणीस

उद्धवराव राजंदेकर अमरावतीच्या एका व्यापारी मंडळाचे चिटणीस होते. आधी ते शाळेत इंग्रजी शिकवत. अर्ज लिहिण्याची त्यांची हातोटी पाहून मंडळानं त्यांना ओढून आणलं. वऱ्हाडातल्या व्यापाऱ्यांचं म्हणणं नागपूरच्या सरकारदरबारी आणि रेल्वेच्या साहेबांपुढे मांडायचं, हे मंडळाचं काम. अध्यक्ष होते जिनिंगवाले भगवंतराव. कापसाखेरीज दुसऱ्या कशाला ते व्यापार मानतच नसत.

एकोणीसशे छत्तीस सालच्या मार्चात शेंदूरजनाघाटच्या मैनाबाई मंडळाच्या कचेरीत आल्या. नवऱ्यामागे संत्र्यांची बाग त्या एकट्या सांभाळत होत्या. आल्या त्या टोपली उद्धवरावांच्या टेबलावर उपडी करूनच थांबल्या. मुंबईच्या अडत्यानं परत पाठवलेली नासकी संत्री कागदांवरून घरंगळली.

“मास्तर, तुमी अर्जच लिहून राहिले, अन् माही संत्री डब्यात शिजून राहिली!”

“बाई, रेल्वेच्या बंद मालडब्यांबद्दल दोनदा लिहिलं. साहेब म्हणतात, पुरावा द्या.”

“मंग काहून नाई देत? पाहा ना डब्यात बसून!”

मैनाबाई रागानं बोलल्या होत्या, पण उद्धवराव विचारात पडले. त्यांनी रेल्वेची नियमावली काढली. मालडब्यात माणसाला बसायला मनाई होती. जनावर असेल तर मात्र सोबत एक राखण्या चालत होता.

चार दिवसांनी मैनाबाईंच्या संत्र्यांच्या डब्यात एक शेळी चढली आणि तिच्यामागून कोट-टोपीतले उद्धवराव. हातात शाळेतून मागून आणलेला थर्मामीटर. स्टेशनमास्तरांनी नियम दोनदा वाचला आणि हसत हसत दार लावून घेतलं.

भुसावळपर्यंत जायचं होतं. सकाळी पारा शहाण्णव अंश फॅरनहाइटवर होता. दुपारी गाडी वाटेत तीन तास उन्हात उभी राहिली, लोखंडी छत तापलं आणि पारा एकशे अठराला भिडला. उद्धवरावांनी आधी कोट काढला, मग टोपी, मग सदराही. शेळीनं टोपल्यांतला पाला संपवला आणि त्यांच्या वहीचं एक कोरं पान खाल्लं. गार्डनं दार उघडून पाण्याची बादली दिली, तेव्हा दोघांनी एकदमच तीत तोंड घातलं.

परतल्यावर उद्धवरावांनी एका पानाचा अर्ज लिहिला. त्यात फक्त वेळ आणि पारा. भगवंतरावांनी तो वाचून चष्मा काढला.

“शेळीसोबत बसले तुम्ही?”

“हो.”

“मंडळाचे चिटणीस?”

“मंडळाच्याच कामाला गेलो होतो.”

भगवंतराव इतके हसले की बाहेरचा चपराशी आत डोकावला. मग त्यांनी सही ठोकली. “कापूसवाल्यांच्याही घ्या सह्या. सगळ्यांच्या!”

पुढच्या बहाराला हवेशीर जाळीचे डबे मिळाले. मुंबईहून टोपल्या परत येणं जवळजवळ थांबलं. मंडळानं नियम बदलून बागाईतदारांनाही सभासद करून घेतलं.

मैनाबाई पहिल्या बैठकीला आल्या, त्या दिवशी भगवंतरावांनी मोठ्या मनानं ठराव मांडला, की वर्षातून एक बैठक संत्र्यांच्या मुलखात, मोर्शीला घ्यावी.

“एकच काहून?” मैनाबाई म्हणाल्या. “चार घ्या. कापूसवाल्यायले थोडी हवा लागू द्या.”

घासाघीस होऊन दोनवर मिटलं. त्यातली पहिली मोर्शीजवळच्या एका बागेत, झाडांखाली सतरंज्या टाकून भरली. उद्धवरावांच्या पत्नी सरोजिनीबाईही हौसेनं गेल्या, आणि ठराव वाचले जात असताना त्या मैनाबाईंबरोबर अख्खी बाग हिंडून आल्या.